दर बारा बाइटांवर भाषा बदलते!

माहीत आहे का? जगात अशी एक जागा आहे, जिथे एका डॉलरला बरोब्बर एक पाउंड मिळतो. एक येनही मिळतो. आणि स्वीडनला गेलात तर डोक्यावर गोल टिकली लावलेला ‘ए’ मिळतो! ही जागा म्हणजे बँक नव्हे, फॉरेक्सचं काउंटरही नव्हे. ही जागा म्हणजे मेनफ्रेमचा स्क्रीन.

मेनफ्रेम म्हणजे तेच ते थोरले संगणक. बँका, विमा कंपन्या, विमानांची बुकिंगं वर्षानुवर्षं सांभाळणारे. दिसत नाहीत, पण तुम्ही कार्ड घासलंत की कुठेतरी एखादा कामाला लागतो. साहेब जन्माने अमेरिकन, नोकरी मात्र जगभर. आणि परदेशात नोकरी म्हटली की भाषेची भानगड आलीच!

तर आधी डॉलरचा हिशेब. आयबीएमच्या मेनफ्रेमवर जॉब सुरू झाला, संपला, अडकला की जेईएस२ नावाचा प्रोग्राम ऑपरेटरला निरोप धाडतो. निरोपाची सुरुवात ठरलेली: $हॅस्प. लंडनमधल्या टर्मिनलवर तोच निरोप येतो £हॅस्प असा. टोकियोत ¥हॅस्प. बिचारा ब्रिटिश ऑपरेटर कमांडसुद्धा पाउंडानेच सुरू करतो, आणि मशीन मुकाट ऐकतं.

का? कारण मशीनला ना डॉलर कळतो ना पाउंड. त्याला कळतो फक्त ९१ हा आकडा. त्या ९१ चं चित्र कोणतं काढायचं, हे ठरवतं त्या देशाचं ‘कोड पेज’. अमेरिकेच्या पानावर ९१ म्हणजे डॉलर, ब्रिटनच्या पानावर पाउंड, जपानच्या पानावर येन. तुर्कस्तानात तर ९१ म्हणजे टिंबवाला मोठा ‘आय’. पैसाच गायब!

जाता जाता: या ‘हॅस्प’मधला पहिला ‘एच’ म्हणजे ह्युस्टन. होय, तेच चांद्रमोहिमांचं ह्युस्टन! १९६० च्या दशकात नासाच्या तिथल्या केंद्रासाठी आयबीएमच्या मंडळींनी हा प्रोग्राम लिहिला आणि जेईएस२ हा त्याचाच वंशज. चंद्रावरची वारी कधीच आटोपली, हॅस्प मात्र अजून ड्यूटीवर आहे.

अमेरिकन मशीन आणि फ्रेंच? छे छे!

माहीत आहे का, मेनफ्रेमला परक्या भाषा शिकवण्याचा एक गाजलेला प्रयोग चक्क कंपनीच्या साहेबांना घाबरवून गेला होता?

गोष्ट १९५० च्या दशकातली. ग्रेस हॉपर या बाई तेव्हा युनिव्हॅक संगणक बनवणाऱ्या रेमिंग्टन रँडमध्ये होत्या. प्रोग्राम इंग्रजी शब्दांत लिहिता यावा, असा त्यांचा ध्यास. वरिष्ठांना पटावं म्हणून त्यांनी एक छोटा प्रोग्राम इंग्रजीत चालवून दाखवला. मग म्हणाल्या, शब्दच तर बदलायचेत! आणि तोच प्रोग्राम फ्रेंचमध्ये दाखवला, जर्मनमध्येही दाखवला.

साहेबलोक हादरले. पेन्सिल्व्हेनियात बनलेलं अमेरिकन मशीन फ्रेंच-जर्मन समजतं म्हणजे काय! पुढचे काही महिने हॉपरबाई त्यांची समजूत काढत होत्या, की नाही हो, आम्ही फक्त इंग्रजीच ठेवू. हा किस्सा त्यांनी स्वतःच पुढे १९७८ च्या एका परिषदेत सांगितला. आमच्या मते संगणकाच्या इतिहासातली ही सर्वांत महागडी ‘नको रे बाबा’ असावी. पुढे आलेल्या कोबोल या प्रोग्रामिंग भाषेचे शब्द इंग्रजी निघाले, ते आजपर्यंत!

भाषा बदलायचीय? फॉर्म भरा!

फोनवर भाषा बदलायला तुम्हाला दोन टॅप पुरतात. मेनफ्रेमवर? आधी त्या भाषेचं फीचर मागवा. मग ते एसएमपी/ई या साधनाने इन्स्टॉल करा, कारण जपानी निरोप, जपानी पॅनेल हे वेगळे डाग म्हणून येतात. मग भाषांतरित निरोपांची फाइल एका खास कंपायलरमधून काढा. मग पार्मलिब या सेटिंगांच्या लायब्ररीत ‘एमएमएसएलएसटी’ने सुरू होणाऱ्या नावाचा मेंबर लिहा. मग ऑपरेटरने ‘सेट एमएमएस’ कमांड द्यायची. हुश्श! इतकं केल्यावर ‘संदेश सेवा’ जागी होते.

आणि एवढ्यावर भागत नाही बरं. मेनू दाखवणाऱ्या आयएसपीएफ या प्रोग्रामच्या पॅनेलांच्या लायब्ररी वेगळ्या: नावाच्या शेपटाला ‘ईएनयू’ असेल तर अमेरिकन इंग्रजी, ‘जेपीएन’ असेल तर जपानी. लॉगऑनमध्ये शेपूट बदलायला विसरलात की निरोप जपानी आणि मेनू इंग्रजी. ‘हेल्प’साठीही भाषावार डेटासेट द्यावे लागतात. म्हणजे मदत हवी असेल तर ती कोणत्या भाषेत हवी, हेही आधीच कळवायचं!

आता गंमत बघा. तुमची भाषा कोणती, याची नोंद कोणाकडे? सुरक्षेच्या रखवालदाराकडे! रॅकफ हा पासवर्ड आणि परवानग्या सांभाळणारा प्रोग्राम. त्याच्या वहीत प्रत्येक युझरच्या नावापुढे भाषेचा एक कप्पा असतो: पहिली भाषा आणि दुसरी भाषा. अगदी शाळेच्या निकालपत्रासारखं.

दुसरी भाषा कशाला? पहिल्या भाषेत निरोप नसेल तर सिस्टीम दुसरीकडे वळते. दोन्हीकडे नसेल तर मूळ इंग्रजी आहेच. साठ वर्षांच्या या आजोबांची नम्रता बघा: कधी अडून बसत नाहीत.

माहीत आहे का, भाषांच्या या तीन-अक्षरी कोडांच्या यादीत ‘आरएमएस’ असाही एक कोड आहे? म्हणजे रेटो-रोमानिक! स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागातली ही भाषा बोलणारे लोक एक लाखसुद्धा भरत नाहीत. स्विस मंडळींचं वजनच तसं. आयएसपीएफमध्ये तर जर्मन वेगळी, ‘स्विस जर्मन’ वेगळी.

सीआयसीएस हा आणखी कंजूष. बँकेच्या लाखो व्यवहारांचा हा कारभारी भाषेला एकच अक्षर देतो. अमेरिकन इंग्रजीला ‘ई’, जपानीला ‘के’. तीन अक्षरं टाइप करायला वेळ कोणाला?

ओरडणारी इंग्रजी

आता आमचा सर्वांत लाडका नमुना. मेनफ्रेमच्या भाषांच्या यादीत ‘इंग्रजी’ असते आणि शिवाय ‘कॅपिटल इंग्रजी’ असते. होय, वेगळी भाषा म्हणून! मजकूर तोच, फक्त सगळी अक्षरं मोठी. जणू सिस्टीम तुमच्यावर खेकसतेय.

त्यातही एकवाक्यता नाही. आयएसपीएफ तिला म्हणतं ईएनपी. प्रोग्रामांना चालण्यासाठी लागणारं लँग्वेज एन्व्हायर्नमेंट म्हणतं यूईएन. कोबोलचा कंपायलर म्हणतो यूई. एकाच घराण्यातल्या एकाच पोरीची तीन टोपणनावं!

पण ही खेकसणारी इंग्रजी हवी कोणाला? जपान्यांना.

त्याचं असं झालं. जुन्या जपानी टर्मिनलांना काताकाना लिपी दाखवायची होती. एका बाइटमध्ये जागा २५६, त्यातही बऱ्याच आधीच बुक झालेल्या. मग २९० नंबरच्या जपानी कोड पेजने इंग्रजीची छोटी अक्षरं त्यांच्या नेहमीच्या जागेवरून उठवली आणि तिथे काताकाना बसवली. परिणाम? अमेरिकेहून आलेला छोट्या अक्षरांतला निरोप टोकियोत उघडला की काताकानाचा नुसता काला. मोठी अक्षरं मात्र जागची हलली नव्हती. म्हणून सरळ कॅपिटलमध्ये बोला!

थांबा, खरी मेजवानी पुढे आहे. इंग्रजीतले छोटे ए, बी, सी, डी, ई जपानी पानावर काय होतात, माहीत आहे का? आ, इ, उ, ए, ओ! अमेरिकेत छोट्या अक्षरांत ‘बॅड’ लिहा, टोकियोत दिसेल ‘इ-आ-ए’. ‘कॅब’ लिहा, दिसेल ‘उ-आ-इ’. आई गं!

आणि हा आ-इ-उ-ए-ओ क्रम ओळखीचा वाटला ना? वाटणारच. जपानी वर्णमालेचा हा क्रम बौद्ध भिक्षूंबरोबर गेलेल्या संस्कृत वर्णविचारातून घडला, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे न्यूयॉर्कचा निरोप टोकियोत पोचेपर्यंत पाणिनीच्या गल्लीतून जाऊन येत होता. आता बोला!

सुरक्षित चिन्हं ८१, तरीही बेभरवशाची

देशोदेशीच्या पानांचा हा गोंधळ पाहून आयबीएमने ८१ चिन्हांची एक यादी केली. इंग्रजी अक्षरं, अंक, स्वल्पविराम, कंस वगैरे. ही चिन्हं कोणत्याही पानावर जागा सोडणार नाहीत, असा वायदा.

वायदा जपानने मोडला, ते वर पाहिलंच. तुर्कस्ताननेही मोडला! १०२६ नंबरच्या तुर्की पानावर दुहेरी अवतरणचिन्हाच्या जागी दोन टिंबांचा ‘यू’ बसलाय. अवतरणचिन्हांत मजकूर लिहिणाऱ्या प्रोग्रामरची काय अवस्था झाली असेल, कल्पना करा.

त्यात कळस म्हणजे @, # आणि $ ही तीन चिन्हं. फाइलींच्या नावांत ती चालतात आणि आयबीएमच्या पुस्तकात त्यांना नाव आहे ‘राष्ट्रीय’ चिन्हं. राष्ट्रीय कसली, नुसती पक्षबदलू! डेन्मार्कच्या पानावर # चा होतो ‘ए’ आणि ‘ई’ चिकटलेला जोडजीव. स्वीडनमध्ये @ चा होतो दोन टिंबांचा ‘ओ’. कोपनहेगनच्या प्रोग्रामरला फाइलचं नाव फोनवर विचारा आणि ऐकत बसा.

चौकोनी कंस हरवले आहेत!

माहीत आहे का, एकट्या अमेरिकेतही आयबीएमच्या दोन पानांचं आपसात पटत नाही? ३७ नंबर आणि १०४७ नंबर. भांडण कशावरून? चौकोनी कंसांवरून. दोघांनी ते वेगवेगळ्या जागी ठेवलेत. त्यामुळे १०४७ मध्ये लिहिलेला सी भाषेचा प्रोग्राम ३७ च्या चष्म्यातून पाहिला की कंस उघडतो तिथे डोक्यावर तिरकी रेघ असलेला ‘वाय’ आणि बंद होतो तिथे नुसती दोन टिंबं, अधांतरी. मेनफ्रेमवर सी लिहिणारी मंडळी हे दृश्य एका नजरेत ओळखतात. प्रोग्रामला आइसलँडिक भाषेची बाधा झाल्यासारखं दिसतं ते.

कंस नसतीलच तर? सी भाषेने एक अघोरी उपाय काढला होता: ट्रायग्राफ. दोन प्रश्नचिन्हं आणि पुढे एक चिन्ह. उघडणारा चौकोनी कंस हवा असेल तर लिहा ??( आणि बंद करायला ??). अशी एकूण नऊ त्रिकुटं.

आता संकट ऐका. त्यातलं एक त्रिकूट होतं ??! आणि त्याचा अर्थ उभी रेघ. म्हणजे तुम्ही प्रोग्राममध्ये त्राग्याने ‘हे काय??!’ छापायला सांगितलंत, की छापून यायचं ‘हे काय|’. वैतागण्याचीही सोय नाही!

सी प्लस प्लसने २०१७ च्या आवृत्तीत ही पीडा काढून टाकली. एवढ्या मोठ्या निर्णयाला विरोध करणारं ठळक नाव कोणाचं? आयबीएमचं. त्यांच्या गिऱ्हाइकांच्या जुन्या प्रोग्रामांत ही त्रिकुटं नांदत होती ना!

नाव नीट लिहा, नाहीतर कोर्टात भेटू

ही गोष्ट मात्र जरा सावकाश वाचा.

बेल्जियम. एका ग्राहकाच्या नावातल्या अक्षरावर फ्रेंच पद्धतीची मात्रा. बँकेच्या कागदांवर मात्रा गायब. ग्राहक म्हणाला, माझं नाव नीट लिहा. बँक म्हणाली, जमणार नाही, आमचं सॉफ्टवेअर १९९५ पासूनचं अमेरिकन, ते चालतं मेनफ्रेमवर, आणि तिथल्या ‘एब्सिडिक’ संकेतप्रणालीत मात्रा बसत नाही.

कोणी दुसरा असता तर ‘असू दे’ म्हणून गप्प बसला असता. हा गडी युरोपचा डेटा संरक्षण कायदा घेऊन निघाला. त्या कायद्यात चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क आहे. प्रकरण ब्रसेल्सच्या अपील न्यायालयात गेलं आणि २०१९ मध्ये निकाल लागला: ग्राहक बरोबर. आजच्या काळातल्या बँकेकडून माणसाचं नाव नीट लिहू शकणाऱ्या संगणकाची अपेक्षा ठेवायला काहीच हरकत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं.

पण खरी गंमत निकालाच्या पलीकडे आहे. बँकेने सगळं खापर एब्सिडिकवर फोडलं, आणि एब्सिडिक बिचारं काही अंशी निर्दोष! त्याचं ५०० नंबरचं पान बेल्जियमसाठीही वापरतात, आणि त्या पानावर फ्रेंच मात्रावाली अक्षरं सुखाने नांदतात. दोष पानाचा नव्हता, ते पान न उघडण्याचा होता. आमचा निकाल विचाराल तर एब्सिडिकला बाइज्जत बरी करा!

बाकी हे एब्सिडिक म्हणजे तरी काय चीज? १९६४ साली आयबीएमच्या सिस्टीम/३६० मेनफ्रेमबरोबर ते गाजत आलं. त्याची अक्षरांची रांग पंच कार्डांवरच्या भोकांच्या हिशेबाने लावलेली, म्हणून इंग्रजी वर्णमालेत मध्येच खड्डे आहेत. ‘आय’ आणि ‘जे’ शेजारी नाहीत, ‘आर’ आणि ‘एस’ही नाहीत. २६ अक्षरं पसरलीत ४१ जागांवर! ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत एकेक पाऊल मोजत जाणारा प्रोग्राम वाटेत महिरपी कंसावर आपटतो.

एब्सिडिकचा प्रतिस्पर्धी संकेत म्हणजे आस्की. आणि ज्यांना ‘आस्कीचे जनक’ म्हणतात ते बॉब बेमर आस्की आकार घेऊ लागला तेव्हा नोकरीला कुठे होते, माहीत आहे का? आयबीएममध्येच! सिस्टीम/३६० मध्ये आस्कीसाठी एक खास बिटही ठेवला होता. तो जवळपास कोणी वापरलाच नाही आणि पुढच्या पिढीत काढून टाकला. घरचं पोर शेजाऱ्याकडे नाव काढून बसलं.

दहा बाइट, चार कांजी

जपानी, चिनी, कोरियन चित्राक्षरं एका बाइटमध्ये मावत नाहीत. एकेकाला दोन बाइट लागतात. पण मशीनने ओळखायचं कसं, की आता दोन-दोनच्या जोडीने वाचायचंय? त्यासाठी ‘शिफ्ट आउट’ नावाचा पाहुणा आधी येतो आणि ‘शिफ्ट इन’ नावाचा नंतर. दोघेही एकेक बाइट खातात, काम मात्र फक्त दार उघडण्याचं आणि लावण्याचं. म्हणून दहा बाइटच्या रकान्यात पाच कांजी (जपानी चित्राक्षरं) नव्हे, चारच मावतात. आणि मधोमध तोडून दुसऱ्या ओळीवर नेलंत तर? ‘शिफ्ट इन’ हरवतो आणि पुढचा सगळा इंग्रजी मजकूर कांजी होऊन नाचू लागतो.

या दोन-बाइटी जगात इंग्रजी अक्षरंही रुंद होऊन राहतात, आणि त्यांच्या पहिल्या बाइटचा कोड काय असतो सांगा? षोडशमान पद्धतीत ४२! ‘हिचहायकर्स गाइड’चे भक्त इथे उठून टाळ्या वाजवतील. विश्वाच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर टोकियोच्या बँकेत सापडलं.

कांजीने मेनफ्रेमला काय काय करायला लावलं! ‘निक्केई’ आणि ‘असाही’ या जपानी दैनिकांनी आयबीएमबरोबर अख्खं वर्तमानपत्र संगणकावर जुळवण्याची प्रणाली बनवली. हजारो चित्राक्षरं, उभ्या ओळी, आणि काळ १९७० च्या दशकाचा! निक्केईच्या प्रणालीचं नाव ॲनेक्स, असाहीच्या प्रणालीचं नेल्सन. खिळे जुळवणारे हात थांबले, मेनफ्रेम पान लावू लागला.

फुजित्सू आणि हिताची यांनीही जपानी मेनफ्रेम बनवले. मग सगळ्यांची कांजी एकच असेल ना? भोळे आहात. फुजित्सूचा संकेत जेईएफ, हिताचीचा केईआयएस, आयबीएमचा तिसराच. एकाच देशात एकाच भाषेतून एकाच भाषेत भाषांतर करण्याचा धंदा त्यावर चालला!

अरबी आणि हिब्रू? त्या उजवीकडून डावीकडे. जुन्या मेनफ्रेमवर मजकूर दिसतो तसा साठवायची पद्धत, पीसीवर वाचतो तसा. फाइल इकडून तिकडे गेली की वाक्य शीर्षासनात.

लाखाची गोष्ट

भाषा म्हणजे फक्त अक्षरं नव्हेत, आकडेही आले. युरोपात दशांशाला स्वल्पविराम देतात. कोबोलला एक ओळ लिहून कळवा की ‘दशांशचिन्ह स्वल्पविराम आहे’, विषय संपला. आणि आपले लाख-कोटी? तेही फुकट! कोबोलच्या छापील ‘पिक्चर’मध्ये स्वल्पविराम तुम्हाला हवा तिथे ठोकता येतो. १२,३४,५६७ छापायला कोबोलला कोणाची परवानगी लागत नाही. कोट्यवधींच्या हिशेबातल्या सॉफ्टवेअरला आजही लाख म्हणजे काय ते शिकवावं लागतं, आणि हे १९६० च्या काळातलं पात्र जन्मतःच तयार!

तारखाही घ्या. लँग्वेज एन्व्हायर्नमेंटला जपानी सम्राटांची युगं कळतात आणि तैवानचा प्रजासत्ताक शकही. तैवानचं १०० वं वर्ष आलं २०११ मध्ये. वर्षाला दोनच अंक देणाऱ्या तिकडच्या प्रोग्रामांची तेव्हा झोप उडाली: वायटूकेचा धाकटा भाऊ! आणि जपानचं नवं रेइवा युग मे २०१९ मध्ये सुरू झालं तेव्हा जगभरच्या लिप्यांना नंबर देणाऱ्या युनिकोडने त्यासाठी १२.१ ही आख्खी आवृत्ती काढली. नवी अक्षरं किती? एक. फक्त एक.

युरो आला तेव्हा तर आयबीएमने नवीन पानांची रांगच लावली: ११४० ते ११४९. जुन्या पानावरचं कोणी न वापरणारं ‘सर्वसाधारण चलन’ चिन्ह उठवलं आणि तिथे युरो बसवला. बाकी पान जसंच्या तसं.

चिपच दुभाषी

माहीत आहे का, भाषांतरासाठी मेनफ्रेमच्या प्रोसेसरमध्ये थेट सूचना कोरल्या आहेत? १९६४ च्या मशीनमध्येच ‘टीआर’, म्हणजे ट्रान्सलेट, होती. २५६ खणांचं एक टेबल द्या, ती एका झटक्यात बाइट बदलून देते. पुढे भावंडं आली: एका बाइटचा एक करणारी टीआरओओ, एकाचे दोन करणारी टीआरओटी, दोनाचा एक करणारी टीआरटीओ, दोनाचे दोन करणारी टीआरटीटी. टीआरओटी सलग वाचा: ट्रॉट! घोड्याची दुडकी चाल. युनिकोडच्या यूटीएफ-८, १६ आणि ३२ यांच्यात ये-जा करायच्या सूचना वेगळ्याच.

आयबीएमच्या डीबीटू या डेटाबेसचं मन मात्र जरा उशिरा बदललं. २००४ च्या आठव्या आवृत्तीत त्याचं स्वतःचं कॅटलॉग युनिकोडमध्ये गेलं. त्याच वर्षी एक्सएमएलची १.१ आवृत्ती आली आणि तिने मेनफ्रेमच्या वेगळ्या ‘नव्या ओळी’च्या चिन्हाला अधिकृत ओळ मानलं. वेबच्या जगाने आजोबांसाठी केलेला हा दुर्मीळ नमस्कार.

संकेतांच्या नंबरांत ६५५३५ हाही एक आहे. त्याचा अर्थ: हात लावू नका, भाषांतर करू नका, जसं आहे तसं राहू द्या.

‘ळ’ कुठे बसवायचा?

वर्णानुक्रम ही तर खरी पंचाईत. एब्सिडिकमध्ये आधी छोटी अक्षरं, मग मोठी, मग अंक. आस्कीत बरोब्बर उलटं: अंक, मोठी, छोटी. त्यामुळे तीच यादी मेनफ्रेमवरून पीसीवर आली की पहिला नंबर शेवटी. म्हणून मेनफ्रेमवर याद्या लावणाऱ्या डीएफसॉर्टला ‘लोकेल’, म्हणजे कोणत्या भाषेचा क्रम हवा ते, सांगावं लागतं. स्वीडिश माणसाला टिंबवाली अक्षरं यादीच्या टोकाला हवीत, जर्मन माणसाला ती साध्या अक्षरांशेजारी.

आपलं बघा. युनिकोडने ‘ळ’ला ‘ल’च्या शेजारी बसवलंय. मराठी वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर येतो, त्याच्यामागून क्ष आणि ज्ञ. संकेतांकाच्या हिशेबाने लावलेली मराठी नावांची यादी आणि आपल्या शब्दकोशाचा क्रम म्हणूनच जुळत नाही. मराठी क्रमासाठी वेगळे नियम लिहावे लागतात, आणि ते लिहिलेले आहेतही. फक्त ते चालू करायचं कोणाच्या तरी लक्षात यावं लागतं.

आणि आता टाळ्या तयार ठेवा. आयबीएमच्या एब्सिडिक घराण्यात देवनागरीचं स्वतःचं पान आहे! नंबर ११३७. बँकांच्या त्या अमेरिकन खानदानात आपला क, ख, ग एकेका बाइटमध्ये ऐटीत बसलाय. ‘नमस्कार’ या शब्दाला युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट लागतात, यूटीएफ-१६ मध्ये १४. ११३७ मध्ये? फक्त सात. काटकसर म्हणतात ती ही!

हिंजवडीत किंवा ऐरोलीत बसून मेनफ्रेम सांभाळणाऱ्या वाचकांनो, आता तुमची पाळी. उद्या टीएसओवर ‘प्रोफाइल लिस्ट’ टाइप करा. उत्तरात ‘पीलँग्वेज’ आणि ‘एसलँग्वेज’ दिसतील, बहुधा दोन्हीकडे ईएनयू. वाटलं तर पीलँग्वेज जेपीएन करून बघा. जपानी बसवलेली नसेल तर तसं सांगणारा निरोप येईल, अर्थात इंग्रजीत. बसवलेली असेल तर ईएनयूवर परत यायची कमांड आधीच कागदावर लिहून ठेवा!